माझ्या पोटातला भुंगा

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, आणि जुना म्हणजे चांगलाच जुना. बटण दाबलं की लगेच बडबडायला लागणारे ते खिशातले रेडिओ निराळे. मला बोलण्याआधी तापावं लागतं. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. ते आधी तांबूस होतात, मग कपाळावरचा माझा हिरवा डोळा हळूहळू उघडतो आणि मग कुठे माझा घसा मोकळा होतो. तेवढा धीर धरणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. सध्या मी इन्सोय मेकॅनिकच्या दुकानात, बंद पडलेले पंखे आणि इस्त्र्या यांच्यामध्ये, एका फळीवर बसून असतो. दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही. पूर्वी मी बोलायचो आणि लोक ऐकायचे, तेव्हा आपल्यालाही कोणी विचारावं असं कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. तिथून जहाजाने मी फिलिपिन्समधल्या सेबू बंदरात आलो. एका चिनी व्यापाऱ्याच्या दुकानात खिळे, साखळ्या आणि दोरखंड यांच्या सोबतीने मी बरीच वर्षं बाजारभाव आणि वादळाच्या सूचना सांगितल्या. मग लहान लहान ट्रान्झिस्टर आले आणि माझी अडगळ झाली. जहाजावर स्वयंपाकी असलेल्या आसेन्सियोची नजर माझ्यावर पडली ती तेव्हा. बोहोल बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याची सान रोके नावाची वाडी होती आणि तिथे नुकतीच वीज पोचली होती. त्याने मला तांदळाच्या पोत्यात गुंडाळलं, लाँचीतून घरी आणलं आणि बायकोपुढे ठेवलं.

"बिनिंग, मी समुद्रावर असलो की घरात एका पुरुषाचा आवाज असू दे," तो म्हणाला.

"तुमच्यापेक्षा जास्त बोलतो का?"

"बोलतो. पण याला बंद करता येतं."

बिनिंग हसली आणि तिने मला जागा दिली ती थेट देव्हाऱ्याखाली. वरच्या फळीवर बाळ येशूची, लाल मखमली झग्यातली मूर्ती होती. सगळे तिला निनो म्हणत. वर निनो आणि खाली मी. एवढा मान मला चिनी व्यापाऱ्याकडे कधीच मिळाला नव्हता.

तो मान फार दिवस सुखाने भोगता आला नाही. एका पावसाळ्यात आसेन्सियोचं जहाज वादळात बुडालं. ती बातमी बिनिंगला मीच सांगितली. ती भाकरीच्या पिठासारखं मक्याचं पीठ चाळत होती आणि माझ्या तोंडून जहाजाचं नाव निघालं. मित्रांनो, रेडिओला आपले शब्द निवडता येत नाहीत. निवडता आले असते तर मी त्या दिवशी मुका झालो असतो. बिनिंगने मला दोष दिला नाही, फोडलंही नाही. तिने फक्त माझं बटण बंद केलं आणि माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. माझी लाकडी पाठ अजून गरम होती.

त्यानंतर शेजारचा तेबान शिंपी रोज संध्याकाळी यायला लागला. बिनिंगची मुलगी नेनिता हिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तेबान तिचा धर्मपिता झाला होता. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं. म्हणून बिनिंग त्याला कुम्पारे, थोडक्यात पारे म्हणायची आणि तो तिला कुमारे म्हणायचा. त्याची बायको फार पूर्वीच वारली होती. मुलगा पोटापाण्यासाठी समुद्रापलीकडे मिंदानाओला गेलेला. नेनिताही मोठी होऊन हाँगकाँगला घरकामाला गेली. उरली ती दोन म्हातारी माणसं, खिडकीसमोर खिडकी, आणि मधे मी.

तेबानला शिवणकामाइतकाच माझा नाद होता. त्याने माझ्यासाठी छपरापासून माडाच्या शेंड्यापर्यंत तांब्याची लांब तार ओढून घेतली. माडी काढणाऱ्या माणसाला त्याने त्याबद्दल एक सदरा फुकट शिवून दिला. तारेची टोकं माडाला टेकू नयेत म्हणून त्याने जुन्या रबरी चपलेचे तुकडे मधे बांधले. दुसरी तार त्याने विहिरीजवळ जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पाइपाला जोडली. "वरची तार ऐकते आणि खालची तार पाय रोवून उभी राहते," तो म्हणायचा. "पण पायाखालची जमीन ओली पाहिजे." म्हणून रोज संध्याकाळी आत येण्याआधी तो त्या पाइपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचा.

"पारे, त्याला पाणी पाजताय तसे माझ्या मिरच्यांनाही पाजा की!"

"तुमच्या मिरच्या बातम्या सांगतात का, कुमारे?"

माझ्या आयुष्यातले हे वैभवाचे दिवस. वाडीतल्या ट्रान्झिस्टरांना जवळची केंद्रं तेवढी मिळत. समुद्रापलीकडचं, मिंदानाओचं केंद्र पकडण्याची ताकद एकट्या माझ्यात होती. त्या केंद्रावर दर दुपारी निरोपांचा तास असे. घरापासून लांब गेलेले लोक तिथे निरोप द्यायचे आणि निवेदक ते वाचून दाखवायचा. अमक्याच्या आईला सांगा, तो बरा आहे. तमक्याला सांगा, मुलगी झाली, नाव तुम्हीच ठेवा. जो ऐकेल त्याने निरोप पोचवायचा, हा रिवाज. त्या वेळी वाडीतल्या बायका बिनिंगच्या पायऱ्यांवर येऊन बसत. आपल्या माणसाचं नाव निघालं की कोणी रडे, कोणी हसे, आणि जाताना माझ्या डोक्यावर थोपटून जाई. मी थोडा फुशारून जात असे, हे कबूल करतो.

मग एका वर्षी सान रोकेच्या जत्रेच्या आठवड्यात दोन वस्तू आमच्या अंगणात आल्या.

एक तेबानकडे आली. शिलाई मशीनला लावायची विजेची मोटार. जत्रेचे नवे कपडे शिवायचे होते, कामाचा ढीग पडला होता.

दुसरी आमच्याकडे आली. हाँगकाँगहून सुट्टीवर आलेल्या एका बाईबरोबर नेनिताने निनोसाठी दिवा पाठवला होता. काचेची ज्योत, आणि तारेच्या मधोमध एक बोंडी. ती फिरवली की ज्योत हवी तेवढी मंद होई. बिनिंगचे डोळे भरून आले. तिने ज्योत मंद करून ठेवली आणि निनोला सांगितलं, "माझी लेक येईपर्यंत हा विझायचा नाही."

आणि त्याच क्षणी माझ्या पोटात भुंगा शिरला.

तसा भुंगा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. भर्रर्र करून तो सगळ्या केंद्रांवर एकसारखा बसला. जवळच्या केंद्रांचे आवाज त्याच्यावरून कसेबसे ऐकू येत, पण समुद्रापलीकडचा नाजूक आवाज त्याच्याखाली पार दबून गेला. भुंगा कुठून येतोय हे मला पहिल्या घटकेपासून माहीत होतं. तो माझ्या डोक्याच्या वीतभर वरून, त्या बोंडीतून येत होता आणि भिंतीतल्या तारेने माझ्यात उतरत होता. पण मित्रांनो, मी बोलणारं यंत्र असलो तरी स्वतःचं एक वाक्य मला कधी बोलता आलं नाही. दुसऱ्यांची वाक्यं मी हजारो सांगितली.

बिनिंगने इन्सोयला बोलावलं. इन्सोय तेव्हा तरणाबांड होता. त्याने माझं पाठचं फळकूट काढलं, धूळ झटकली, व्हॉल्व्ह एकेक काढून घासले, वरची तार तपासली, पाइपाला पाणी घातलं. भुंगा होता तसाच.

"नांग बिनिंग, आता घरातलं सगळं बंद करा," तो म्हणाला. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने नांग म्हणतात. "पंखा, इस्त्री, बल्ब, सगळं."

तिने सगळं बंद केलं.

"मेन स्विचच ओढू का? माझा हा छोटा रेडिओ बॅटरीवर चालतो, लगेच कळेल."

"अरे बाबा, निनोचा दिवा जाईल ना!"

"हां हां, तो कसा जाईल!" असं म्हणून इन्सोयने घाईने छातीवर क्रूस काढला. स्विचला लावलेला हात त्याने मागे घेतला.

मग तो ट्रान्झिस्टर हातात आडवा धरून खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि गोल गोल फिरू लागला. छोट्या रेडिओत एक कांडी असते. तिचं टोक भुंग्याच्या रोखाने आलं की भुंगा गप्प होतो, अशी ती युक्ती. एका जागी तो गप्प झाला. इन्सोय थांबला. कांडीचं एक टोक खिडकीतून थेट तेबानच्या दुकानाकडे होतं. पण मित्रांनो, कांडीला टोकं दोन असतात. दुसरं टोक देव्हाऱ्याकडे होतं. तिकडे त्या दोघांपैकी कोणीही बघितलं नाही. कसे बघणार? देवाकडे कोणी चोर म्हणून बघत नाही.

"तिथून येतोय," इन्सोय खिडकीकडे हनुवटी करून म्हणाला.

बिनिंग खिडकीत गेली. "पारे, जरा ती मोटार बंद करता का?"

"केली," पलीकडून तेबान म्हणाला.

"बंद केली तरी भुणभुणतंय."

"मग माझी कशी? बंद मोटार काय स्वप्नात चालते?"

"प्लग काढला तरी वीज तारेत मुरून राहते म्हणतात," इन्सोयने आपलं ज्ञान पाजळलं. त्याला तेव्हा गप्प बसता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

"उभं आयुष्य पायाने मशीन चालवलीत, काही अडलं नाही," बिनिंग म्हणाली. "आता म्हातारपणी मोटारीची ऐट!"

"ऐट? कुमारे, माझे गुडघे बघितलेत का कधी? पायडल मारता येईना म्हणून घेतली. तुमच्या घरी रोज येतो तेव्हा पायरी चढताना किती वेळ लागतो, ते दिसलं नाही तुम्हाला?"

तिला दिसलं नव्हतं. खरं तर तिने इथेच थांबायला हवं होतं. पण माणूस चुकलं असलं की त्याचा आवाज चढतो.

"आसेन्सियोची आठवण म्हणून एवढा एक रेडिओ उरलाय मला," ती म्हणाली. "तोही तुम्हाला बघवत नाही."

तेबानने खिडकीची झडप ओढून घेतली. त्या संध्याकाळी पाइपाला पाणी पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बिनिंगने त्याच्यासाठी केलेलं घट्ट कोकोचं पेय तसंच थंड होऊन गेलं, त्यावर साय धरली. माझ्या पुढ्यातली त्याची खुर्ची ती रोज पुसायची, पण हाक मात्र मारायची नाही. तोही कात्री चालवताना आमच्याकडे पाठ करून बसायचा. हाकेच्या अंतरावर दोन माणसं एकटी पडली आणि दोघांच्या मधे मी भुणभुणत राहिलो. मला माझीच शिसारी यायची.

मृतांच्या सणाला तेबानने बायकोच्या थडग्यावर फुलं वाहिली आणि मग दुकानाला कुलूप लावून, मोटार खोक्यात घालून, तो मिंदानाओला मुलाकडे निघून गेला. निरोप घ्यायला आला नाही. वीजवाल्यांनी त्याच्या घराची वीज तोडली. त्या दुपारी बिनिंग मोठ्या आशेने माझ्यासमोर बसली आणि तिने बटण फिरवलं.

भुंगा होताच.

तिने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतून त्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघितलं. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली. चूक तिची होती हे तिला कळलं. भुंगा कुणाचा हे मात्र अजून कळलं नव्हतं.

तेबानच्या मुलाने तिकडे जागा बदलली होती. मिंदानाओत नेमकं कुठे, हे वाडीत कोणाला धड माहीत नव्हतं. माफीचा निरोप रेडिओवर द्यावा, तर सगळ्या जगासमोर माफी मागायची तिला लाज वाटे. "पारेच पाठवतील काहीतरी," ती मला सांगायची. तिला खात्री होती, कारण त्या निरोपांच्या तासाला ती रोज इथे बसते हे त्याला माहीत होतं. पायऱ्यांवर येणाऱ्या बायका केव्हाच बंद झाल्या होत्या. भुंगा ऐकायला कोण येणार? ती एकटी माझ्या जाळीला कान लावून बसायची. मी सगळी ताकद लावायचो, हिरवा डोळा ताणायचो. पाइप कोरडा, जमीन वाळलेली, वर भुंगा. एका शुक्रवारी त्या भुणभुणीतून फक्त एक शब्द बाहेर पडला: "...बिबियाना...". तिचं बाप्तिस्म्याचं नाव! ती ताडकन उठली. पुढचं सगळं भुंग्याने खाल्लं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी सांगतंय आणि ते आपल्यापर्यंत पोचत नाही, हे ती माझ्यासमोर बसून सोसत होती आणि मी ते बघत होतो.

त्याच्या पुढचा शुक्रवार येशूच्या मरणाचा होता.

आमच्याकडे त्या दिवशी चूल मंद असते, मुलांना मोठ्याने हसू देत नाहीत, आणि रेडिओ तर कोणीच लावत नाही. आदल्या संध्याकाळीच देव्हारे झाकतात आणि दिवे मालवतात. बिनिंगने निनोवर जांभळं कापड घातलं, क्षमा मागितली आणि नेनिताचा दिवा विझवला. वर्षभरात दिवा विझण्याची हीच काय ती वेळ, आणि नेमकी तेव्हाच माझ्यावरही मौनाची पाळी. घराघरांतून हा रिवाज इतका चोख पाळतात की सत्य बाहेर यायला वावच नव्हता.

पण दुपारी निरोपांची वेळ झाली आणि तिच्याने राहवेना. तिने दार लावून घेतलं, जांभळ्या कापडाकडे बघून म्हणाली, "एकदाच, निनो. गाणं नाही लावत," आणि बटण फिरवलं.

मी तापलो. डोळा उघडला. आणि माझ्या पोटात शांतता होती. भुंगा नव्हता. समुद्रापलीकडचा माणूस जणू पायरीवर बसून बोलत होता.

बिनिंगला आधी वाटलं, मी बिघडलो. तिने माझ्या पाठीवर थापटी मारली. मग तिने मान वर केली. विझलेली ज्योत, तिची तार, तारेतली बोंडी. ती तारेवरून नजर खाली खाली आणत माझ्यापर्यंत आली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

केंद्रावर गाणी नव्हती. येशूच्या यातनांचं वाचन संपलं आणि निवेदक निरोप वाचू लागला. "बोहोल, सान रोके वाडीच्या नांग बिबियाना यांना. हा निरोप आपण दर शुक्रवारी वाचतो आहोत, उत्तर आलेलं नाही. पाठवणारे त्यांचे कुम्पारे एस्तेबान शिंपी, सध्या इथे कागायान शहरात रुग्णालयात आहेत. निरोप असा: कुमारे, मोटार विकली. आता ऐकू येतं का?"

बिनिंग गुडघ्यांवर बसली आणि तिने माझ्या जाळीवर दोन्ही हात टेकले.

"येतं, पारे," ती मोठ्याने म्हणाली. "ऐकू येतं. ऐकू येतं हो!"

पण मित्रांनो, मी फक्त घेणारा आहे. मला पाठवता येत नाही. तिचे शब्द माझ्या जाळीमागच्या कापडात शिरले आणि तिथेच थांबले.

त्या दिवशी लाँच नसते. शनिवारच्या पहिल्या लाँचीने ती निघाली. माझी पिन काढली, दार लावलं. घरात मी आणि झाकलेला निनो. ईस्टरच्या घंटा वाजल्या, मुलं रस्त्यावरून ओरडत गेली, आमच्या दारावर कोणी थाप मारली नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या छातीवर सुतकाची काळी फीत टाचलेली होती. इन्सोय दारात आला.

"भेट झाली का, नांग?"

"झाली."

"बोलले काही?"

"बोलण्यापलीकडे गेले होते. डोळे मिटलेले होते. मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, पारे, ऐकू येतं. भुंगा माझ्याच घरातला होता, तुमचा नव्हता."

इन्सोयने मान खाली घातली. "त्यांना ऐकू गेलं असेल ना?"

"ते मला कसं कळणार रे? तुझ्या त्या कांडीला कळत असेल तर तूच सांग."

त्यानंतर ती रोज दुपारी निनोला म्हणायची, "डोळे मिट जरा, बाळा," आणि दिवा विझवून मला लावायची. त्याआधी विहिरीवर जाऊन पाइपाला तांब्याभर पाणी घालायची. बायका पुन्हा पायऱ्यांवर आल्या. ज्या आल्या नसतील त्यांचे निरोप बिनिंग स्वतः उन्हातून घरोघरी पोचवायची, जेवायच्या आधी. "निरोप शिळा होऊ द्यायचा नसतो," म्हणायची. तेबानची खुर्ची मात्र तिने कोणाला बसायला दिली नाही.

शेवटी नेनिता परत आली आणि आईला शहरात घेऊन गेली. निनो गेला, दिवा गेला. मला तिथे जागा नव्हती. बिनिंगने मला पुसलं, पोत्यात गुंडाळलं आणि इन्सोयला देताना सांगितलं, "अधूनमधून तापवत जा याला." काही वर्षं त्याने तापवलं. आता तोही थकला आहे आणि विसरतो. माझी तार त्या माडावर अजून असेल, किंवा वाऱ्याने तुटली असेल. पाइपाला पाणी घालणारं कोणी नाही, एवढं मला इथे बसूनही माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा म्हातारा रेडिओ असेल तर त्याला वर्षातून एकदा तरी तापवा, त्याच्या तारेकडे बघा, जमिनीला पाणी घाला. आणि कधी भुंगा ऐकू आला, तर शेजाऱ्याच्या खिडकीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरातला तो दिवा विझवून बघा, जो विझवायला तुमचा हात धजत नाही. आणि कोणी "ऐकू येतं का?" असं विचारत असेल, तर त्याच्याकडे जाऊन "येतं" म्हणून सांगा. आजच सांगा. मला सांगून काही उपयोग नाही. मला फक्त ऐकता येतं.